शेणव्यातली रेंज

शेणव्यात मोबाइलला रेंज धड मिळत नाही. कुणाशी चार शब्द बोलायचे तर माणूस घराबाहेर पडून सडकेवरच्या मोरीपर्यंत जातो आणि एका कानात बोट घालून ओरडतो. त्यामुळे रितेशने कामावर निघताना आईला सांगितलं की उद्या घरात रेंज येतेय, तेव्हा गीताबाईला वाटलं, पोराने टॉवरवाल्यांशी बोलणी केली. तिने शेजारच्या ठमीला तसं सांगूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात लागला, चार माणसांनी कण्हत-कुथत कपाटाएवढं लोखंडी धूड खाली उतरवलं, आणि ठमी तोंडाला पदर लावून हसली. गीताबाईचं तोंड तेव्हा जे वाकडं झालं ते पुढे कित्येक महिने सरळ झालं नाही.

गीताबाईची जीभ किन्हवलीच्या बाजारापर्यंत ठाऊक होती. सख्ख्या बहिणीच्या मटणाला ती ‘हळदीचं पाणी’ म्हणायची. सरपंच तिच्या लेखी कडक इस्त्रीतलं बुजगावणं होता. नवीन डॉक्टर आला तर ती आधी त्याचे बूट बघायची आणि मग ठरवायची की याला नाडी सापडणार नाही. नवरा कुंडलिक भाताच्या खाचरांत राबणारा, मुखदुर्बळ माणूस. त्याच्यावर तिने बोलणंच सोडून दिलं होतं. या सगळ्यातून सुटलेला एकच जीव होता, तो म्हणजे रितेश. दोन मुलींच्या पाठीवर झालेला. त्याच्या ताटात भाताची पहिली वाफ, माशाचा मधला तुकडा, आणि त्याचं काही चुकलंच तर ते दुसऱ्या कुणामुळे तरी चुकलेलं.

रितेश भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता. शहरातल्या मोठमोठ्या घरांत जाणारा माल तिथे उतरायचा. त्यातलीच ही रेंज, म्हणजे शहरी स्वयंपाकघरातली भलीमोठी शेगडी, एका बाजूला पोचा आला म्हणून कुणीतरी परत पाठवलेली. वर गॅस, खाली करंट, असं त्याने जमलेल्या मंडळींना समजावलं. वर पाच बर्नर, खाली विजेवरचा ओव्हन. एकाच शेगडीत दोन इंधनं. कुंडलिकने ती चहूबाजूंनी बघितली, पोच्यावर हात फिरवला आणि म्हशीला वैरण टाकायला निघून गेला.

घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, तशी गत झाली. रेंज मावेना. मग रितेशने ओटाच फोडायला घेतला. लग्नानंतर चार वर्षांनी कुंडलिकने शहापूरहून कडाप्पा आणून आपल्या हाताने तो ओटा बांधला होता, गीताबाईच्या बेताच्या उंचीला जमेल असा. रितेशने त्याचा निम्मा भाग हातोड्याने उडवला. गीताबाई दारात उभी राहून बघत होती. बोलली नाही, कारण हातोडा रितेशच्या हातात होता. संध्याकाळी त्याने तिला पडवीत गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं, “नेहाचा हट्ट गं आये. तिच्या मैत्रिणीकडे हाय म्हणे. रोजची कटकट नको म्हणून आणली. तू तिला काय बोलू नको.”

बोलू नको म्हटल्यावर गीताबाई न बोलणारी नव्हती. फक्त ती सुनेशी, नेहाशी, बोलली नाही; नेहाबद्दल बोलू लागली. नळावर, देवळात, भाताच्या गिरणीत. सुनेला चूल चालत नाही, सुनेला शेगडी चालत नाही, महाराणीला इंजिन लागतं. नेहा म्हशाजवळच्या गावातली. शहापूरला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळच्या एसटीने जायची, दिवेलागणीला यायची. उंच, सडपातळ, आणि बोलायला कुंडलिकच्याच वाणाची. तिच्या कानावर हे सगळं येत असणारच. तिने कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि गीताबाईने त्याचाही अर्थ लावला, की चोराच्या मनात चांदणं.

रेंजने गीताबाईला खाद्य कमी दिलं नाही. पहिल्या दिवशी वरची ज्योत पिवळी आणि लांब निघाली, पातेली बुडापासून कानापर्यंत काळी झाली. कल्याणहून मिस्त्री आला. तो म्हणाला, ही पाइपच्या गॅससाठी बनवलेली आहे, सिलिंडरवर चालवायची तर आतले जेट, गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलायला हवेत. ते बदलले. ज्योत निळी झाली, पण लोखंडी जाळी इतकी ऐसपैस की चहाचं पातेलं कलंडायचं आणि भाकरीचा तवा भाकरी थापून टाकताच घसरायचा. गीताबाईने तांदळाच्या तीन भाकऱ्या त्यावर केल्या, तिन्ही एका बाजूला करपल्या, एका बाजूला कच्च्या. त्या तिने मुद्दाम ताटात झाकून ठेवल्या आणि नेहा घरी आल्यावर तिच्यापुढे सरकवल्या. नेहाने एक खाल्ली, उरलेल्या दोन म्हशीला घातल्या.

ओव्हनची तऱ्हा निराळीच. किन्हवलीच्या वायरमनने मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून दिली, पण गावात करंटच जेमतेम. ओव्हनचं बटण फिरवलं की रस्त्याच्या खांबावरच्यासकट सगळ्या दिव्यांचे काजवे होत आणि पंखा दमेकऱ्यासारखा फिरू लागे. पलीकडून ठमी विचारायची, काय गो, लावलास काय रणगाडा. गीताबाईला मनातून उकळ्या फुटायच्या. सून किती नालायक आहे याचा पुरावा आता गावाच्या खांबावर दिसत होता.

एक गोष्ट मात्र तिच्या हिशेबात बसत नव्हती. नेहा त्या रेंजला हात लावत नव्हती. जुनी दोन बर्नरची शेगडी तिने मागच्या पडवीत एका फळीवर मांडली होती. सकाळी डबा, संध्याकाळी भात-कालवण, सगळं तिथेच. गीताबाईने यावरही तोड काढली: आणायला लावायची आणि मग शिवायचं नाही, ही तर मोठ्या घरच्या बायकांची खोड. नेहाचा बाप म्हशाच्या जत्रेत बैलांची दलाली करत असे, तेव्हा मोठं घर कुठून आलं हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही.

रेंज वापरायचा तो रितेश, आणि तोही एखाद्या रविवारी. मोबाइलवर बघून त्याने केक केला. घरातली झाडून सगळी पातेली काढली, अंड्यांची टरफलं मोरीत टाकली, मैदा फरशीवर सांडला, केकचा फोटो काढला आणि फोटो पाठवायला मोटरसायकल काढून रेंज असेल तिथे निघून गेला. मागून नेहाने फरशी पुसली, मोरी साफ केली, भांडी घासली. गीताबाईने केकचा तुकडा तोंडात टाकला. साखर घातलेला स्पंज, असं तिच्या मनात आलं. पण ठमीला एक वाटी नेऊन देताना ती म्हणाली, माझ्या पोराने केलाय, बायकांना जमणार नाय असा.

पौषात म्हशाची जत्रा लागली. रितेशने गोडाऊनच्या मॅनेजरला, भाविकशेठला, सहकुटुंब जत्रेचं आमंत्रण दिलं. आधी आमच्या घरी जेवायचं, मग मी तुम्हाला म्हशाला नेतो, असा बेत. नेहाला त्या दिवशी तसंही माहेरी जायचं होतं, जत्रेला ती दरवर्षी जायची. संध्याकाळच्या गाडीने जा, असं रितेशने तिला सांगून टाकलं.

रविवार उजाडला. रितेश किन्हवलीहून दोन अख्ख्या कोंबड्या घेऊन आला, त्यांना दही-मसाला चोळून ठेवला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं की आज बायकांना सुट्टी. तुम्ही दोघींनी फक्त चांगली लुगडी नेसून बसायचं. कोंबडी ओव्हनमध्ये, भात वरच्या बर्नरवर, सगळं मी करणार. गीताबाईला इतकं बरं वाटलं की तिने खरोखर ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. भाकऱ्यांचं पीठ भिजवावं का, असं तिने एकदा विचारून बघितलं. रितेश म्हणाला, नको, पाव आणलेत.

पाहुणे दुपारच्या आधीच आले. भाविकशेठ गोल चेहऱ्याचा, मऊ बोलणारा माणूस. त्याची बायको जरा दमल्यासारखी, आणि दोन मुलं, जी आल्यापासून मोबाइल उंच धरून अंगणभर फिरत होती. रितेशने कोंबड्या ओव्हनमध्ये सरकवल्या, बटण फिरवलं, आतला पिवळा दिवा लागला. मग पाहुण्यांना त्याने देवघर दाखवावं तशी रेंज दाखवली. गीताबाई आणि नेहा आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या, सुट्टीवर.

भाविकशेठच्या बायकोने नेहाकडे बघून सहज विचारलं, तुम्ही पसंत केली का ही?

नेहाने तोंड उघडण्याआधीच रितेश हसला. “हिला काय कळतंय त्यातलं. ही म्हणत होती, परत पाठवा, आपल्याला नको. ओटा फोडताना तर रडायला लागली. मी म्हटलं, गप बस, घरात काय आणायचं ते मी ठरवणार.” मग बोलण्याच्या भरात तो आणखी पुढे गेला. “नि आमची आई अजून बटण बघून घाबरते. या बायकांना चूल द्या नि धूर द्या, खूश.”

भाविकशेठ सभ्यपणे हसला. त्याची बायको हसली नाही.

गीताबाईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, पोरगा पाहुण्यांपुढे थट्टा करतोय. तिने नेहाकडे पाहिलं. नेहा मान खाली घालून लुगड्याच्या काठावरचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होती. जुनीच गोष्ट पुन्हा ऐकावी तशी. तेव्हा गीताबाईला कळलं की पोराने आत्ता जे सांगितलं तेच खरं आहे, आणि पडवीत हळू आवाजात सांगितलं होतं ते खोटं होतं. नळावर, देवळात, गिरणीत आपण काय काय बोललो ते तिला एकेक करून आठवू लागलं. आणि पोराने ते सगळं ऐकून घेतलं होतं. कधी हं हं करून, कधी नुसतं जेवत. एकदाही म्हणाला नाही की आये, ते तसं नव्हतं.

ओव्हनमधून अर्ध्या तासाने वास यायला हवा होता. आला नाही. रितेशने दार उघडलं, बोट लावून पाहिलं. कोंबड्या कोमट होत्या, उन्हात ठेवाव्यात तशा. दिवे मिणमिणत होते. त्याने बटण आणखी फिरवलं, वायरमनला फोन लावायला सडकेवरच्या मोरीपर्यंत धावत गेला, परत आला. म्हणाला, व्होल्टेज नाही, रविवारी असंच करतात, नाहीतर ही रेंज म्हणजे एक नंबर आहे. नाचता येईना अंगण वाकडं. ही म्हण गीताबाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना लावत आली होती. आज ती आपोआप मनात उमटली आणि समोर रितेश उभा होता.

पाहुण्यांची मुलं कुरकुर करू लागली. भाविकशेठच्या बायकोने पिशवीतून फरसाणचं पाकीट काढून त्यांना दिलं. कुंडलिक ओसरीवर भाविकशेठला भाताच्या वाणांची नावं सांगत बसला. त्याचं ते उभ्या आयुष्यातलं सर्वात लांब बोलणं असावं. नावंही संपली.

रितेश आतल्या खोलीत आला. घामाघूम. आवाज खाली आणून त्याने सांगितलं की आता दोघींनी मिळून चटकन काहीतरी करावं. कोंबड्या तोडाव्यात, मागच्या शेगडीवर रस्सा टाकावा, एकीने भाकऱ्यांना लागावं. आणि बाहेर पाहुण्यांना सांगायचं की रेंजवरच केलंय.

गीताबाईचा हात गुडघ्यावर गेला होता. उठायला. पोराने हाक मारली की तो हात आपसूकच गुडघ्यावर जायचा, तिला विचारत नसे.

“बसा आई,” नेहा म्हणाली.

तिने गीताबाईचं मनगट धरलं होतं. जोरात नाही. मग तिने रितेशकडे बघितलं. “सकाळीच म्हणालात ना, आज तुम्ही फक्त बसायचं. आम्ही बसलोय.”

“नेहा, नाटकं नकोत आता. पाहुणे उपाशी बसलेत.”

“तुमचे पाहुणे. तुमची रेंज.”

रितेश आईकडे वळला. असा तो लहानपणापासून वळायचा. शाळेत मार खाल्ला, सायकल पाडली, कुणाची काच फोडली, की वळायचा, आणि आई पदर खोचून पुढे व्हायची. “आये, तू तरी ऊठ.”

गीताबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. नवीन डॉक्टरच्या बुटांकडे बघावं तसं. पस्तिशीला आलेला माणूस, हाताला दही लागलेलं, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत लाजेचा लवलेश नाही, नुसती घाई. या माणसाला एक कोंबडी शिजवता येत नाही आणि एक खरं बोलता येत नाही, असं तिला वाटलं. हे इतकं स्वच्छ वाटलं की तिची तीच दचकली.

“मला बटणाची भीती वाटते रे,” ती म्हणाली, आणि उठली नाही.

नंतर जे झालं ते बघवत नव्हतं, पण दोघींनी बसून बघितलं. रितेशने कोंबड्या कोयत्याने तोडल्या, हाडांचे चुरे झाले. वरच्या बर्नरवर मोठी ज्योत लावून त्याने रस्सा केला. तिखट किती घालायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने रंग येईपर्यंत घातलं. भात खाली लागला. पाव थंड होते. भाविकशेठने दोन घास खाऊन पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि गावच्या तिखटाची तारीफ केली. मुलांनी पाव आणि फरसाण खाल्लं. गीताबाईला दोनदा उठावंसं वाटलं; एकदा मुलांकडे बघून, एकदा भात करपल्याचा वास आला तेव्हा. पाहुण्यांपुढे रिकाम्या हाताने बसायची तिला सवयच नव्हती. नेहाने मनगट केव्हाच सोडलं होतं.

जत्रेला उशीर होईल म्हणून पाहुणे लवकरच निघाले. रितेशने सोबत येण्याबद्दल विचारलं, तर भाविकशेठ म्हणाला की आता आम्ही जाऊ आमचे, तुम्ही दमलात. निघताना त्याच्या बायकोने वाकून गीताबाईच्या पायाला हात लावला आणि ती हलकेच म्हणाली, “आमच्याकडे पण आहे हो असलीच. मी आत डबे ठेवते.”

रितेशने ते ऐकलं. तो खोलीत जाऊन दार लावून झोपला.

नेहाने आपली पिशवी भरली. गीताबाईनेही खुंटीवरची पिशवी काढली, त्यात एक जुनं लुगडं कोंबलं आणि कुंडलिकला सांगितलं की मी म्हशाला चालले, म्हशीचं बघा. कुंडलिकने मान हलवली. स्वयंपाकघरात जाऊन गीताबाईने एकदाच बघितलं. रश्शाचं पातेलं, भाताचं पातेलं, दह्याचे हात लागलेली दारं, कोयता, रक्ताचं पाणी. ती तिथून बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं. लग्न होऊन आल्यापासून उष्टी भांडी मागे ठेवून ती घराबाहेर पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मुरबाडला दोघींनी गाडी बदलली. तिथून म्हशाच्या जादा गाडीत बसायला जागा मिळाली. गीताबाईने आधी कंडक्टरला नावं ठेवली, मग ड्रायव्हरला, मग पुढच्या बाईच्या केसांतल्या पिनांना. नेहा खिडकीबाहेर बघत होती. शेवटी गीताबाईला राहवेना.

“तू सांगितलं का नाय मला? तू मागितली नव्हतीस म्हणून?”

“तुम्ही विचारलं का?” नेहा म्हणाली. रागाने नाही. नोंद करावी तशी.

माफी मागायची तर गीताबाईला ते शब्द कधी लागलेच नव्हते. ती म्हणाली, “तुझा बापूस बैलांची दलाली करतो ना अजून? मला बघायचाय बैलबाजार. इतकी वर्षं झाली, आमच्या यांनी कधी नेलं नाय.”

दोन दिवस ती नेहाच्या माहेरी राहिली. बैलांच्या दातांना नावं ठेवली, घोंगड्यांच्या विणीला नावं ठेवली, विहिणीच्या वालाच्या भाजीला मात्र नाव ठेवलं नाही. भाजी खरंच चांगली झाली होती, आणि ती तसं बोलली. नेहाने आईकडे बघितलं, आईने नेहाकडे.

घरी परतल्या तेव्हा स्वयंपाकघराचं दार तसंच ओढलेलं होतं. कुंडलिकने मागच्या शेगडीवर पेज शिजवून दिवस काढले होते आणि आपलं ताट आपण धुतलं होतं. बाकी सगळं जिथल्या तिथे, वर मुंग्यांची रांग. रितेश दोन्ही दिवस बाहेर जेवला होता. नेहा पिशवी ठेवून सरळ मागच्या पडवीत गेली. गीताबाई अंगणात वालाच्या शेंगा घेऊन बसली.

ठमी आली. रितेशने भिवंडीचा शेठ घरी जेवायला आणला होता ते गावभर झालं होतं. किती पुढे गेला गो तुझा पोरगा, नशीब काढलंस, असं ती म्हणाली. गीताबाईने एक शेंग सोलली, किडका दाणा बाजूला टाकला.

“त्याला चहा करता येत नाय,” ती म्हणाली.

ठमीला वाटलं ही थट्टा आहे. ती हसली, मग गीताबाईच्या चेहऱ्याकडे बघून थांबली आणि थोड्या वेळाने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रितेशला चहा हवा होता. एकही पातेलं धुतलेलं नव्हतं. नेहाने मागच्या पडवीतलं आपलं पातेलं धुऊन, पुसून, आत कपाटात ठेवलं होतं आणि ती एसटीला गेली होती. तो बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिला. भांडी आपटल्याचा आवाज आला. मग नळाचा. मग तो बाह्या वर सारून दारात आला आणि भांडी घासायचा काथ्या कुठे असतो, असं त्याने आईला विचारलं. या घरात जन्मलेला माणूस.

“शोध,” गीताबाई म्हणाली आणि शेंगांचं सूप पुढ्यात ओढून घेतलं.